कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी? राष्ट्रीय महासंघांविषयी

शिवडीकर (धागाकर्ता)

३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आपली 'आयटक', स्थापन झाली. तेव्हापासूनचा इतिहास पाहता माझे मत असे झाले आहे की, राष्ट्रीय महासंघांनी (म्हणजे देशभरातील युनियनांना एकत्र बांधणाऱ्या संघटनांनी) कामगारांना जोडण्यापेक्षा पक्षांच्या सोयीने वाटून घेण्याचेच काम अधिक केले. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात, जवाहरलाल नेहरू अध्यक्षस्थानी असताना, ब्रिटिश सरकारच्या कामगार आयोगावर बहिष्कार घालावा की नाही यावरून कामगार नेते ना. म. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. पुढे १९४७ मध्ये काँग्रेसची इंटक, १९४८ मध्ये समाजवाद्यांची हिंद मजदूर सभा, १९५५ मध्ये आर्वीच्या दत्तोपंत ठेंगडींनी भोपाळला स्थापलेला भारतीय मजदूर संघ आणि, कम्युनिस्ट पक्ष फुटल्यावर सहा वर्षांनी, १९७० मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्टांची सीटू. यांतली कोणती फूट कामगारांनी मागितली होती?

गोदाकाठ

सनावळी बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. आयटक का जन्मली हे आपण सांगितलेच नाही. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली आणि तिथे जाणारा कामगार प्रतिनिधी देशातील सर्वांत प्रातिनिधिक संघटनेच्या संमतीने निवडावा असा नियम झाला. आपल्याकडे अशी संघटनाच नसल्यामुळे वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेसाठी सरकारने जोशींना परस्पर नेमले. माणूस उत्तम होता, पण नेमणूक सरकारची होती. मद्रासच्या बकिंगहॅम-कर्नाटिक गिरणीच्या मालकांनी युनियनचे नेते बी. पी. वाडिया यांच्यावर कोर्टाचा मनाई हुकूम आणला, तेव्हा युनियन चालवणे हाच गुन्हा ठरू शकतो हे उघड झाले. जोशींनी १९२१ मध्ये केंद्रीय विधिमंडळात ठराव मांडला आणि अखेर १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. एका गिरणीच्या किंवा एका गावाच्या युनियनला हे साधले असते, असे मला वाटत नाही.

तिसरी पाळी

गोदाकाठ यांनी १९२६ वर थांबणे सोयीचे आहे. मी गिरणीच्या चाळीत वाढलो, म्हणून १९८२ बद्दल लिहितो. १८ जानेवारीपासून मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार युनियन नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली 'प्रातिनिधिक युनियन' हा दर्जा, म्हणजे कामगारांच्या वतीने मालकांशी बोलण्याचा हक्क, इंटकशी संलग्न राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार ज्याच्या मागे गेले त्याच्याशी बोलण्याचे मालकांवर बंधन नव्हते, आणि ज्याच्याशी बोलायचे त्याच्या मागे कामगार नव्हते. माझ्या वडिलांच्या खात्यातले बदली (कायम नसलेले) कामगार पहिल्या पावसाळ्यातच गावी परतले, ते पुन्हा आलेच नाहीत.

गोदाकाठ

हे सारे मान्य आहे. पण तो दोष महासंघ असण्याचा की कायद्याचा? आयटक आणि हिंद मजदूर सभेने, कोणत्या युनियनला मान्यता द्यायची हे ठरवण्यासाठी, गुप्त मतदानाची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली, तर इंटकचा कल सभासद-नोंदवहीच्या पडताळणीकडे राहिला. वर्गणीची पावती फाडणे आणि मत देणे या एकच गोष्टी नाहीत, हे पावतीपुस्तक हाताळलेल्या कोणालाही ठाऊक असते. रेल्वेत २००७ मध्ये युनियनच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले आणि रेल्वे काही थांबली नाही.

हमालीचा बिल्ला

आपण तिघेही कायम कामगाराबद्दलच बोलत आहात. गिरण्यांच्या साचेखात्यात (कापड विणण्याच्या विभागात) दलितांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकरांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न काढला, तेव्हा कामगार-एकजुटीची भाषा करणाऱ्यांकडे त्यावर धड उत्तर नव्हते. डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांना १९६९ चा माथाडी कायदा मिळाला तो अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी बाजारात उभ्या केलेल्या संघटनांमुळे. दिल्लीच्या कार्यालयांनी तो आणलेला नाही. ज्याला ठरलेला मालकच नाही, त्याच्यासाठी यांतला कोणता महासंघ अगोदर धावला?

शिवडीकर

हमालीचा बिल्ला यांच्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते शोधून काढण्याचा आवही मी आणत नाही. गोदाकाठ यांचे म्हणणे मात्र मी अर्धे स्वीकारतो: फुटीपेक्षा मान्यतेची पद्धत अधिक घातक ठरली. तरीही २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटीची एकमेव हक्कदार ठरते. हा पाठिंबा गुप्त मतदानाने मोजायचा की हजेरीपटाशेजारी ठेवलेल्या नोंदवहीने, यावर सर्व महासंघांनी एकत्र येऊन एकच मागणी करावी. ती ते करणार नसतील, तर १९२० साली सरकार प्रतिनिधी नेमते म्हणून मुंबईत जमलेल्या लोकांचे नाव त्यांनी कोणत्या हक्काने घ्यावे, हे गोदाकाठ यांनीच सांगावे.