मदत हवी आहे: बाबांचं फॅटी लिव्हर आणि कालवणातलं नारळाचं वाटप

बाबांना (वय 58, रत्नागिरी) सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड 2 निघालंय, एसजीपीटी (रक्ततपासणीतलं यकृताचं एन्झाइम) 78. दारू कधीच नाही, हिपॅटायटिस बी-सी निगेटिव्ह, शुगर काठावर. फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते बघणारी तपासणी) अजून केलेलं नाही.

तीन महिने तळण बंद, चहा बिनसाखरेचा, रोज संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर चालणं. वजन 84 वरून 81 झालं. बांगडा कालवणातच. पण भात दोनदा वाढून घेतात, आणि कालवणात अर्ध्या नारळाचं वाटप (वाटलेलं खोबरं) असतंच. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलं की वर पांढरा थर धरतो, तो बघून आईचा जीव वरखाली होतो.

वाचून समजलं ते असं: पोटावरच्या चरबीतून सुटलेली स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड) यकृतात जातात, शिवाय जादा साखर-पिठूळ खाण्यापासून यकृत स्वतःही चरबी बनवतं. त्यातली पामिटिकसारखी संपृक्त (सॅच्युरेटेड) आम्लं पेशींना इजा करतात, मग सूज, पुढे फायब्रोसिस, म्हणजे यकृतात व्रणासारखे तंतू. नारळातही संपृक्त चरबीच जास्त, पण ती मुख्यतः लॉरिक आम्लाची. मग तीही तशीच इजा करते का, इथेच मी अडले आहे.

डॉक्टर फक्त "तेलकट टाळा" म्हणाले, पुढची भेट पंधरा दिवसांनी. औषध नकोय, आहाराचंच विचारतेय. कोकणी जेवण सांभाळून कुणाचा एसजीपीटी उतरलाय का? आधी भात कमी करू की वाटप, आणि खोबरं दिवसाला किती चालेल?