रांगोळीने घासलेला १९१८ चा रुपया, एक्सएफ म्हणायचा की नाही?

डब्यातली_नाणी: आजीच्या डब्यातला पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया आहे, १९१८ चा, मागे खालच्या कमळाखाली टिंब म्हणजे मुंबई टांकसाळ. मुकुटाची नक्षी शाबूत, झग्यावरचा हत्ती नीट दिसतो, कडेला ठोका नाही. मी एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन, म्हणजे अगदी कमी झिजलेल्या नाण्याची ग्रेड) धरून चाललो होतो, पण नाणेवाल्याने भिंग लावलं आणि म्हणाला क्लीन केलंय, भाव निम्मा. आमच्याकडे दर लक्ष्मीपूजनाला नाणी रांगोळीने घासतात हे खरंय, पण नक्षी कुठे गेलीय? मग ग्रेड का उतरावी?

तोळाभर: त्याचं बरोबर आहे दादा. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती चांदीवर फिरवली की बारीक बारीक रेघा पडणारच. नाणं दिव्याखाली तिरकं करून हळूहळू फिरव, मूळ झळाळी असेल तर उजेडाचा पट्टा गोल फिरतो, घासलेलं असेल तर नुसतं ताटासारखं चकाकतं. ती झळाळी ठशाच्या दाबाने येते, एकदा गेली की गेली.

जुनाबाजार: असहमत! ग्रेड म्हणजे झीज किती झाली ते, बास. आणि आपल्याकडे घराघरात पूजेला, तिजोरीत, हारात राहिलेले रुपये, ते कोणी ना कोणी चिंच नाहीतर लिंबू लावून धुतलेलेच असणार, ते सगळे बाद केले तर जमवायचं काय? हे अमेरिकेतलं सोवळं इथे कशाला.

तोळाभर: सोवळं नाही हो. एनजीसीवाले, म्हणजे नाणी तपासून ग्रेड देणारी अमेरिकेतली कंपनी, ते पण अशा नाण्याला नुसता ग्रेडचा आकडा देत नाहीत, एक्सएफ डिटेल्स, क्लीन्ड असं लिहितात, म्हणजे नक्षी एक्सएफची पण पृष्ठभाग खराब, दोन्ही गोष्टी सांगून मोकळे. विकणारा फक्त पहिली सांगतो, भांडण तिथेच आहे. आणि चिंच लावून धुणं वेगळं, भुकटीने घासणं वेगळं.

ठसा_आणि_टाका: मधे बोलतो. आधी वजन केलंत का? रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम भरायला हवा, वापरातला थोडा कमी भरेल. आणि कडेवर बोट फिरवून बघा, हारातला असेल तर टाका, म्हणजे हारात अडकवायला झाळलेला जोड, काढून घासलेली जागा लागते, ते रेघांपेक्षा वाईट.

जुनाबाजार: १९११ चा डुक्कर रुपया, तोच ज्यावर हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बोंब झाली आणि सरकारने बहुतेक परत वितळवले, तो घासलेला मिळाला तर सोडाल का तोळाभर?

तोळाभर: घेईन की! पण घासलेला म्हणूनच घेईन. १९१८ चे ढिगाने मिळतात, तिथे मी रेघांचे पैसे का देऊ.

डब्यातली_नाणी: वजन ११.६० भरलं, टाका नाही. रेघा मात्र आहेत, दिव्याखाली दिसल्या, कपाळावर तर झाडू मारल्यासारख्या. घरी सांगितलं की यंदा घासायचं नाही तर आई म्हणते काळी लक्ष्मी पाटावर ठेवायची नाही, तुझं भिंग तुझ्यापाशी ठेव. आता पूजेला दुसरा रुपया शोधतोय, घासलेलाच चालेल.