चाळिशीनंतर तेलुगू: जमते की नुसता जिवाला घोर?

वहीवाली: बदली होऊन सोलापुरात आले, घर पूर्व भागात. गल्लीत बहुतेक पद्मशाली, घरी तेलुगू बोलणारे. सात वर्षांचा मुलगा सहा महिन्यांत तेलुगूत भांडायला लागला. मी ४३ची, शब्दांची वही केलीय. परवा शेजारच्या अक्कांना ‘तिन्नावा?’ (जेवलीस का?) विचारलं तर सगळा कट्टा हसला. मोठ्यांना ‘तिन्नारा?’ (जेवलात का?) म्हणायचं म्हणे. या वयात नवी भाषा म्हणजे वेळ वाया, असं माझं स्पष्ट मत.

कडकभाकरी: चूक. पोरगं दिवसभर गल्लीत, तुम्ही वहीत! नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांवरचा १९७८चा अभ्यास बघा. पहिले काही महिने पुढे होती १२ ते १५ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं. ३ ते ५ वर्षांची सगळ्यांत मागे. आणि आपले डॉ. कोटणीस विसरलात? १९३८ला चीनला गेले, तिथं चिनी शिकले आणि चिनीतूनच शिकवू लागले.

शुद्धलेखनकाका: कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते हो, आणि भोवती युद्ध. तो दाखला ४३ला लावू नका. इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले त आणि ट वेगळे ओळखतात, वर्षाची होईस्तोवर ते कान बोथट होतात. २०१८मध्ये सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या इंग्रजी व्याकरणाची चाचणी झाली, त्यात व्याकरण उचलण्याची ताकद साधारण १७व्या वर्षानंतर घसरताना दिसली.

कडकभाकरी: काका, तेलुगूत त आहे, ट आहे, ळसुद्धा आहे. मराठी माणसाला नवे कान कशाला लागतात बे? (काका, ‘बे’ सवयीनं आलं, माफी.) आणि घसरली म्हणजे संपली का?

मागवाला: आमची आई तेलुगू, लग्नानंतर मराठी शिकली. पन्नास वर्षं झाली, अजून ‘ती दार’, ‘तो भाकरी’. तेलुगूत वस्तूंना आपल्यासारखं तो-ती-ते नसतं, ते तिच्या जिभेवर बसलंच नाही. म्हणजे काकांचं खरं. पण मंगळवार बाजारात तिच्याइतकी घासाघीस आमच्या घरात कुणाला जमत नाही, मराठीतच!

शुद्धलेखनकाका: घासाघीस म्हणजे भाषा येणं नव्हे.

मागवाला: मग काय असतं काका? तिनं त्याच मराठीवर चार पोरं शिकवली.

वहीवाली: माझं मत अजून तेच. पण एक सांगायचं राहिलं. मुलगाही अक्कांना ‘तिन्नावा’च म्हणतो. त्याला तांदळाच्या पिठाचे तळलेले सकिनालु मिळतात.