जुन्या-नव्या संगणकांना एकच कीबोर्ड, माऊस, मॉनिटर: तुमचं मत काय?

शाईवाला:
टेबल एक, मशीन दोन. नवं रोजच्या कामाला. जुनं पेंटियम थ्री, विंडोज ९८ वर. ते मोडीत काढता येत नाही, कारण माझे जुने दिवाळी अंक आणि स्मरणिका पेजमेकर ६.५ या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं डाँगल (ज्याशिवाय ते चालत नाही ती किल्ली) जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टलाच बसतं.

माझं ठाम मत आहे की दोघांना एकच संच पुरतो. १९ इंची चौकोनी मॉनिटरच्या दोन जोडण्यांपैकी जुनं मशीन व्हीजीएवर, नवं डीव्हीआयवर. कीबोर्ड-माऊस पीएस/२ चे, म्हणजे जुन्या गोल पिनचे, मध्ये केव्हीएम स्विच (एकच संच दोन मशीनमध्ये फिरवणारा डबा), आणि नव्या मशीनकडे जाणाऱ्या वायरला यूएसबी कन्व्हर्टर. बटण दाबलं की काम सुरू.

खटका:
साफ चूक. मी दोन वर्षं हेच केलं. एकदा स्विच फिरवून जुन्या मशीनवर परत आलो, तर माऊस हलवताच बाण कोपऱ्यात पळाला, मेनू आपोआप उघडले आणि चार कॉलमच्या पानावरचा मजकूर इकडचा तिकडे झाला. पान सेव्ह केलेलं नव्हतं, रात्र गेली. जुना पीएस/२ माऊस मुंबईत लॅमिंग्टन रोडला आजही मिळतो. दोन संच ठेवा.

शाईवाला:
खटकासाहेब, नुकसान झालं हे वाईटच. पण त्याला कारण आहे. साधा पीएस/२ माऊस एका वेळी तीन बाइट पाठवतो, चाकवाला चार. स्वस्त स्विच मशीन बदलताना हे विसरतो आणि माऊस आणि मशीन यांची मोजणी जुळत नाही. विंडोज ९८ मध्ये साधा पीएस/२ माऊसचा ड्रायव्हर टाका. चाक जातं, पण बाण जागेवर राहतो.

खटका:
म्हणजे स्विचसाठी माऊसचं चाक सोडायचं? मला पटत नाही.

डॉसकर:
स्विच हवाच. तो नसला की माणूस चालू मशीनमधून पीएस/२ ची पिन उपटतो. माझ्या बोर्डावरचा फ्यूज असाच उडाला, कीबोर्ड आणि माऊस दोन्ही बंद. मॉनिटर मात्र वेगळा ठेवा. डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा मजकूर ७२० बाय ४०० ठिपक्यांमध्ये, ७० हर्ट्झवर येतो. एलसीडी, म्हणजे तुमचा सपाट मॉनिटर, तो ताणून १२८० बाय १०२४ वर बसवतो. अक्षराची एक उभी रेघ जाड, शेजारची बारीक. माझा १५ इंची सीआरटी, म्हणजे जुना काचेच्या नळीचा मॉनिटर, मी याच कारणासाठी जपलाय.

उषाताई:
तुम्ही सगळे वायरींचं बोलताय, मी बोटांचं बोलते. पंचवीस वर्षं टाइप करतेय. जुन्या मशीनवर टाइपरायटरचा लेआउट (कळांची मांडणी), नव्यावर इनस्क्रिप्ट ही वेगळी मांडणी. इनस्क्रिप्टमध्ये ‘के’च्या कळीवर क, ‘डी’वर हलन्त. कीबोर्ड एकच असला की बोटांना कळतच नाही आपण कुठे आहोत. पहिला परिच्छेद हमखास चुकतो. माझ्या जुन्या कीबोर्डच्या कळा जड आहेत, आवाज करतात. हात ठेवला की टाइपरायटरचा लेआउट आपोआप आठवतो. दादा, माऊस वाटून घ्या, मॉनिटर घ्या, कीबोर्ड नको.

शाईवाला:
ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी चुका वयावर ढकलत होतो. कीबोर्ड उद्याच वेगळा करतो, जुना माळ्यावर आहे. डॉसकर, मॉनिटर एकच राहणार. मी डॉसमध्ये जात नाही आणि सीआरटीला टेबलावर जागा नाही. ताई, टाइपरायटर लेआउटचे कळांवर लावायचे स्टिकर कुठे मिळतात?