भाचीला अमेरिकेत आश्रय मागता येईल का?

देवगडची मावशी

माझी भाची चार वर्षांपूर्वी लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. तिचा नवरा (जावई म्हणायला आता जीभ रेटत नाही) एच-१बी व्हिसावर नोकरी करतो आणि ती त्याच्या आधाराने एच-४ या जोडीदारासाठीच्या व्हिसावर राहते. त्यामुळे तिची स्वतःची मिळकत नाही, आणि पासपोर्टही त्याने कपाटात कुलूपबंद ठेवला आहे. मारहाण पहिल्या वर्षापासून चालू होती, हे तिने गेल्या गणपतीत, आरती आटोपून घरातले सगळे जेवायला उठल्यावर, फोनवर हलक्या आवाजात मला सांगितले. तिचे सासर आमच्याच तालुक्यातले असून सासऱ्यांचे गावात वजन आहे. ‘माहेरी गेलीस तर तिथेही सोडणार नाही,’ असे नवरा तिला वारंवार सांगतो. तिथल्या एका ओळखीच्या बाईंनी तिला आश्रयासाठी अर्ज करण्याचे सुचवले आहे. घरच्या छळावरून असा आश्रय खरोखर मिळतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

रत्नागिरीतील एक वकील

मावशी, सर्वांत आधी एक फरक लक्षात घ्यावा. आश्रयाच्या अर्जात अमेरिकेत काय सोसले यापेक्षा मायदेशी परतल्यास काय होईल हे पाहिले जाते. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर आधारलेल्या या कायद्यात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व अशी पाचच कारणे आहेत. नवऱ्याचा छळ त्यांपैकी शेवटच्या कारणात बसवावा लागतो आणि सगळा वाद तिथेच आहे. २०१४ मध्ये ग्वाटेमालाच्या एका विवाहितेच्या प्रकरणात असा गट मान्य झाला, २०१८ मध्ये अ‍ॅटर्नी जनरलनी (तिथल्या न्यायखात्याच्या प्रमुखांनी) तो निर्णय फिरवला, २०२१ मध्ये त्यांचा २०१८ चा आदेश रद्द झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो पुन्हा लागू झाला. म्हणजे आज ही वाट फार अरुंद आहे.

शिवाय भारतीय अर्जदाराला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तुमच्या सरकारने संरक्षण दिले नसते, असे तुम्ही कशावरून म्हणता? आणि देवगडला धोका असेल, तर पुण्यात किंवा नागपुरात का राहता येणार नाही? सासऱ्यांचे वजन तालुक्यापुरते असेल, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड जाईल. अर्ज अमेरिकेत आल्यापासून एका वर्षात करायचा असतो. व्हिसा वैध असताना या मुदतीतून सवलत मिळू शकते, पण ती गृहीत धरू नये.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी आधीच समजून घ्यावी, कारण ती मला सर्वांत जड वाटते. अर्ज प्रलंबित असताना ती भारतात आली, तर सबळ कारण दाखवल्याशिवाय अर्ज सोडून दिला असे मानले जाते. गणपतीला नाही, शिमग्याला नाही आणि आईवडिलांपैकी कोणी अंथरुणाला खिळले तरीही सहजासहजी नाही.

न्यू जर्सीतून, मूळची वेंगुर्ल्याची

वकीलसाहेबांनी लिहिले ते योग्यच आहे, परंतु आश्रय हा एकच मार्ग नाही. छळ सोसलेल्या एच-४ पत्नीला आय-७६५व्ही या अर्जावर स्वतःचा कामाचा परवाना मागता येतो आणि त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही. गुन्हा अमेरिकेत घडलेला असल्याने, पोलिसांना सहकार्य केल्यास गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या यू व्हिसासाठीही अर्ज करता येतो. मात्र त्यासाठी पोलिसांचे किंवा सरकारी वकिलांचे प्रमाणपत्र लागते, आणि वर्षाला १०,००० अशी मर्यादा असल्यामुळे रांग अनेक वर्षांची आहे. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवऱ्याविरुद्ध पत्नीने स्वतः अर्ज करण्याची जी तरतूद स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या १९९४ च्या अमेरिकी कायद्यात आहे, ती एच-१बीवाल्याच्या पत्नीला लागू होत नाही. पुष्कळजणी तिच्या आशेवर वेळ घालवतात.

न्यू जर्सीतच ‘मानवी’ ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणारी जुनी संस्था आहे, तिच्याशी भाचीने बोलावे. कौटुंबिक हिंसाचारासाठीची अमेरिकेतली राष्ट्रीय मदतवाहिनी १-८००-७९९-७२३३ दिवसरात्र चालू असते आणि दुभाषाही मिळतो. नवरा तिचा फोन तपासत असेल, तर हे क्रमांक तिच्या फोनवर पाठवू नका. बोलताना तोंडी सांगा.

कुडाळची एक परतलेली

मी सात वर्षांपूर्वी परत आले, म्हणून लिहिते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली स्त्री ज्या ठिकाणी राहते, मग तो मुक्काम तात्पुरता का असेना, तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे तिला अर्ज करता येतो. मी माहेरच्या तालुक्यातच केला. संरक्षणाचा आदेश आणि स्त्रीधन परत मिळण्याचा आदेश एकाच अर्जात मागता आला. कायदा म्हणतो की पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. मला चौदा महिने लागले. फौजदारी तक्रारही माहेरी आश्रय घेतलेल्या ठिकाणी करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

मला कायद्यापेक्षा माणसांचा त्रास जास्त झाला. पहिल्या महिन्यात शेजारपाजारचे आणि नात्यातले पंधराएक जण ‘जुळवून घे’ सांगायला घरी आले. माझ्या वडिलांनी प्रत्येकाला पडवीतच थांबवले, एकालाही माझ्यापर्यंत येऊ दिले नाही. तुमच्या भाचीच्या वडिलांची तशी तयारी आहे का, हे तिने विमानात बसण्याआधी तुम्ही विचारून ठेवा.

देवगडची मावशी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी भावाकडे जाऊन बसले आणि कुडाळच्या ताईंचे शेवटचे वाक्य त्याला वाचून दाखवले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘माझी मुलगी आहे, ती कुठल्याही दिवशी येऊ दे.’ वहिनी मात्र अजून लोकांचा विचार करते आहे.

‘मानवी’विषयी भाचीला आज तोंडी सांगितले. परत यायचे की तिथे राहून परवान्यासाठी अर्ज करायचा, हे तीच ठरवणार आहे. तिच्या दवाखान्याच्या कागदांची छायाचित्रे माझ्याकडे आहेत. ती इथल्या न्यायालयात चालतील का, की मूळ कागदच लागतील, एवढे वकीलसाहेबांनी सांगावे.