रात्रीच्या स्वस्त विजेच्या हीटर सर्किटला सोलर जोडायचे आहे

प्रश्न: छतावर ४ किलोवॉटची पॅनेल आहेत, इन्व्हर्टर मुख्य डीबीला (घरातल्या वीजवाटपाच्या पेटीला) जोडलेला आहे. पाण्याची १५० लिटरची टाकी (३ किलोवॉटची कॉइल) आणि खोल्यांतले स्टोरेज हीटर (रात्री आतल्या विटा तापवून दिवसभर ऊब देणारे) मात्र वेगळ्या मीटरवर आहेत. त्या मीटरचा रिले (आपोआप चालणारा स्विच) फक्त रात्री वीज सोडतो. म्हणजे दुपारची सोलरची वीज ग्रिडला जाते आणि पाणी रात्री विकतच्या विजेवर तापते. मुख्य डीबीतून एक वायर ओढून हीटरच्या एमसीबीला (जास्त करंट झाल्यास आपोआप पडणाऱ्या स्विचला) जोडली तर?

उत्तर १: तसे अजिबात करू नका. रात्री रिले लागला की दोन्ही मीटर एकमेकांना जोडले जातील. हीटरचा मेन स्विच बंद केला तरी दुसऱ्या बाजूने वायर जिवंतच राहील, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल. एका कॉइलला दोन पुरवठे हवेच असतील तर यांत्रिक इंटरलॉक (दोन्ही पुरवठे एकदम लागू न देणारी अडवणूक) असलेला डबल पोल चेंजओव्हर, म्हणजे दोन्ही तारा एकदम बदलणारा स्विच, बसवा. फेजबरोबर न्यूट्रलही बदलला पाहिजे. नुसता फेज बदलला तर करंट एका आरसीसीबीतून (गळती झाल्यास वीज तोडणाऱ्या स्विचमधून) जाऊन दुसऱ्याच्या न्यूट्रलने परततो आणि आरसीसीबी ट्रिप होतो.

उत्तर २: टाकीत दोन कॉइल बसत असतील तर चेंजओव्हर लागतच नाही. खालची कॉइल मुख्य डीबीवर, म्हणजे सोलरवर घ्या, कारण ती पूर्ण टाकी तापवते. वरची रात्रीच्या मीटरवर राहू द्या, ती फक्त वरचा भाग तापवेल. उलटे केले तर रात्रीच सगळी टाकी तापते आणि दुपारी सोलरला काम उरत नाही. टाकीवर ‘दोन पुरवठे, दोन्ही बंद करा’ अशी पाटी हवीच.

स्टोरेज हीटरला हात लावू नका. त्यांच्या विटांना रात्रभराची वीज लागते, आणि त्यांची गरज हिवाळ्यात असते, जेव्हा सोलर सर्वांत कमी देते.

प्रश्नकर्ता: दोन कॉइल बसतील. सोलरच्या कॉइलला साधा टायमर पुरेल का?

उत्तर ३: चालेल, पण ढग आले की फटका बसतो. १५० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ७ युनिट लागतात, म्हणजे पूर्ण ३ किलोवॉट मिळाले तर सव्वादोन-अडीच तास. त्या वेळी १.८ किलोवॉटच शिल्लक असेल तर उरलेले १.२ दिवसाच्या महाग दराने येतील.

टायमरपेक्षा डायव्हर्टर बरा: हे उपकरण सोलरची जेवढी वीज शिल्लक तेवढीच कॉइलला देते. त्याची सीटी क्लॅम्प (तारेभोवती बसवून करंट मोजणारा चिमटा) मुख्य मीटरनंतर लगेच, इन्व्हर्टर आणि घर दोन्ही पुढे येतील अशा जागी फेजवर लावा आणि बाणाची दिशा सूचनेप्रमाणे ठेवा. उलटी बसली तर वीज विकत घेत असतानाच कॉइल सुरू होते. बहुतेक चुका इथेच होतात. डायव्हर्टरवर फक्त साधी कॉइल चालवा, हीट पंप किंवा पंख्याचा हीटर नाही. थर्मोस्टॅट आणि ओव्हरहीट कटआउट (पाणी फार तापल्यास वीज तोडणारा) कॉइलच्या सिरीजमध्येच, म्हणजे त्याच वाटेवर, राहू द्या.

उत्तर १: एक भर. ३ किलोवॉटला सुमारे १३ अँपिअर सतत वाहतात. कॉइलला मुख्य डीबीतून स्वतंत्र एमसीबी आणि डबल पोल आयसोलेटर (दोन्ही तारा तोडणारा स्विच) द्या, घरातल्या सॉकेटच्या लाइनवरून घेऊ नका. टाकी ६० अंशांपेक्षा खाली ठेवून बचत करू नका, कोमट पाण्यात लीजिओनेला जंतू वाढतात. रात्रीच्या मीटरचे सील आणि रिले मात्र वीज कंपनीचे, तिथले काम त्यांनाच करू द्या.