सगळे म्हणतात पर्यावरण महत्त्वाचं, मग खरेदीत का दिसत नाही?

घोडबंदरची_एमकॉमवाली:
नमस्कार मंडळी, प्रोजेक्ट चालू आहे, विषय पर्यावरणाबद्दलचा अ‍ॅटिट्यूड आणि ग्रीन खरेदी. आमच्या कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर गुगल फॉर्म टाकला तर "पर्यावरणपूरक वस्तूला जास्त पैसे देईन" याला बहुतेकांनी पूर्ण सहमत टिक केलंय, आणि लिफ्टमध्ये त्यांच्याच हातात कोथिंबिरीची पातळ पिशवी. मॅडमना अ‍ॅटिट्यूड चांगला तर खरेदी जास्त असं दाखवून हवंय. काय लिहू?

नौपाडेकर:
फॉर्ममध्येच गोची आहे गं. असं विचारल्यावर नाही कोण म्हणणार? मत नको, मागच्या वेळी काय घेतलं ते विचार, पिशवी घरून नेली होती का, साबण कुठला आणला. आणि मानसशास्त्रज्ञ आयझेन यांची प्लॅन्ड बिहेविअर थिअरी (१९९१) बघ, त्यात अ‍ॅटिट्यूड एकटा नाहीच, आजूबाजूचे काय म्हणतील आणि आपल्याला जमण्यासारखं आहे का हेही धरलंय, त्यातून इरादा ठरतो, पण इरादा झाला म्हणजे खरेदी झाली असं नाही.

पिशवीवाली_काकू:
मी जांभळी नाक्याच्या बाजारात कापडी पिशवी नेते ती सवयीने, पर्यावरण बिर्यावरण काही नाही त्यात. महागाई आहेच पण त्याहून भरवसा नाही बघ, बाटलीवर हिरवं पान छापलं की भाव चढवला. भांड्यांचं "इको" लिक्विड आणलं तर आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नाही आणि रिफिल पण प्लास्टिकच्याच पाऊचमध्ये!

नौपाडेकर:
काकू, त्यासाठीच ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगवर, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याच्या खोट्या दाव्यांवर, गाइडलाइन्स काढल्यात, नुसतं इको-फ्रेंडली लिहून भागत नाही, पुरावा लागतो. दुकानात अजून फारसा फरक नाही म्हणा.

स्टार_मोजणारा:
एसी घेताना मात्र हीच मंडळी स्टार मोजतात, पाच स्टारवाला महाग पडला तरी घेतात कारण वीजबिल. आता ही ग्रीन खरेदी की काटकसर? तुझा फॉर्म त्यालाही पर्यावरणप्रेमीच धरणार. आणि जून २०१८ आठवा, प्लास्टिकबंदीत पहिल्यांदा सापडलं तर ५००० दंड म्हटल्यावर अख्ख्या ठाण्याने माळ्यावरच्या कापडी पिशव्या काढल्या, कारवाई थंडावली तशा पातळ पिशव्या परत आल्या. मधल्या काळात कोणाचा अ‍ॅटिट्यूड बदलला होता का? माझं मत विचारशील तर अ‍ॅटिट्यूडला उगाच डोक्यावर बसवलंय.

पिशवीवाली_काकू:
अगदीच तसं नाही हो, माझी सून दुप्पट भाव देऊन सेंद्रिय तांदूळ आणते. पण तेही नातवाच्या पोटासाठी, नदीसाठी नाही.

घोडबंदरची_एमकॉमवाली:
भारीच की! म्हणजे "का घेतलं" हाही प्रश्न हवा, पैसे वाचवायला, तब्येतीसाठी का पर्यावरणासाठी. फॉर्म नव्याने काढते. पण लोक त्यातही थापा मारतील त्याचं काय?

नौपाडेकर:
गेटवरच्या भाजीवाल्याकडे तासभर उभी राहा, पिशवी कोण मागतं ते मोज. फक्त नावं लिहू नकोस, सोसायटीत राहायचंय.